कांबळे मॅडमच्या उघड्या फायली

“हात काढ. अनिकेत, माऊसवरचा हात काढ म्हणते ना!”

नौपाड्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात हा आवाज उठला आणि, खोटं सांगत नाही, खाली रस्त्यावर झेंडू विकणाऱ्या बाईनं हातातला तराजू खाली ठेवला. अनिकेतचा हात हवेतच राहिला. हाताखालच्या माऊसला हळदकुंकू लावलेलं, त्याच्या वायरीला झेंडूचं फूल बांधलेलं. मागे नाडकर्णी साहेब, आमचे मालक, पेटलेलं निरांजन घेऊन उभे. दारात कांबळे मॅडम, दोन्ही हातांत अर्धवट ओवलेला हार आणि दातांत सुई. दातांत सुई धरून माणूस एवढ्या जोरात ओरडू शकतो हे शास्त्राला मान्य नसेल. मला आहे, मी तिथे होतो.

“मॅडम, एक साधा बॉक्स आलाय स्क्रीनवर,” अनिकेत म्हणाला. “हो म्हणायचं आणि मशीन बंद करायचं. पूजा खोळंबलीय.”

“तू हो म्हणालास तर पूजा होईल. कल्याणला चारच्या पाळीची माणसं खुर्चीत बसून राहतील त्याचं काय?”

माझ्या कानाला फोन होता. पलीकडे कल्याणच्या डायलिसिस सेंटरच्या सिस्टर. त्या एकच वाक्य उलटसुलट करून सांगत होत्या: स्क्रीनवर काही दिसत नाही, कुणाचंच काही दिसत नाही, पेशंट यायला लागलेत.

आता या मंडळींना जरा असंच उभं राहू द्या. निरांजनात तूप भरपूर आहे. मॅडम कोण, हे कळल्याशिवाय त्या बॉक्समध्ये एवढं काय होतं ते तुम्हाला कळायचं नाही.

शैला कांबळे राहायला शहाडला, कामाला ठाण्याला. ज्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचे, त्या काळापासूनच्या प्रोग्रॅमर. उंची बेताची, पण उभ्या राहिल्या की आजूबाजूचे लोक आपोआप बसायचे. आमची कंपनी छोटी: दवाखाने, लॅब, डायलिसिस सेंटर यांना लागणारे प्रोग्रॅम बनवायची. बनवायच्या मॅडम. विकायचे साहेब. आणि बिघडलं की गिऱ्हाइकाचा फोन घ्यायचो मी. मी डोंबिवलीचा. डोंबिवलीच्या माणसाला बोलायला समोर माणूस लागत नाही, विजेचा खांब असला तरी चालतो. पहिल्याच दिवशी मॅडमनी माझं नाव रेडिओ ठेवलं आणि शेवटपर्यंत दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

प्रोग्रॅम जिथे लिहितात त्या सॉफ्टवेअरला एडिटर म्हणतात. कोरी पाटी समजा. तिच्या डाव्या हाताला एक पट्टी असते, तीत सध्या उघड्या असलेल्या फायलींची नावं एकाखाली एक दिसतात. साध्यासुध्या माणसाच्या पट्टीत पाच-सात नावं असतात. मॅडमची यादी सोडली असती तर आमच्या खिडकीतून खाली उतरून तीन हात नाक्यापर्यंत गेली असती आणि तिथे सिग्नल लागला म्हणूनच थांबली असती. नवा माणूस कामाला लागला की आम्ही त्याला ती यादी दाखवायला न्यायचो, पाहुण्याला ठाण्याची तलावपाळी दाखवतात तसं.

पण त्या गर्दीला शिस्त होती. वरच्या फायली चुलीवरच्या. मधल्या वैलावरच्या, म्हणजे चुलीच्या बाजूला नुसत्या उबेवर ठेवतात तशा. आणि तळाच्या फडताळातल्या. मॅडम सकाळी आल्या की आधी पर्स खुंटीला, मग एक घोट पाणी, आणि मग ती यादी वरून खाली अशी बघत जायच्या, जशी बाई सकाळी ओट्यावरची भांडी बघते. मग एखादी फाइल खालून ओढून वर घ्यायच्या. “ही आज चुलीवर.” एखादी खाली सरकवायच्या. “ही निवू दे.”

बंद करणं हा शब्द त्यांना खपत नसे. दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात ना, तसं त्या फाइल वाढवली म्हणायच्या. आणि वाढवायच्या क्वचित. काम पुरं झालं, गिऱ्हाइकाकडे चाललं, मग पुन्हा एकदा फोन करून विचारलं, आणि तिकडून कुणीतरी “चाललंय हो, किती वेळा विचारता” असं वैतागून म्हणालं, की मगच. नुसतं ‘चाललंय’ त्यांना पुरायचं नाही. समोरचा वैतागायला हवा. वैतागलेला माणूस खरं बोलतो, असं त्यांचं मत.

मी नवीन होतो तेव्हा एकदा विचारलं, “मॅडम, एवढ्या उघड्या कशाला ठेवता? बंद करा, लागली की परत उघडा.”

“तुझी आई एका वेळी किती शेगड्या पेटवते?”

“दोन.”

“आणि लक्ष कितींवर असतं?”

मी मोजायला लागलो. कुकर, दूध, गॅलरीतले पापड, दाराची बेल, बाबांची गोळी, मी.

“मोजत बसू नकोस, जीव जाईल तुझा,” मॅडम म्हणाल्या. “बंद केलेली फाइल मशीनला आठवते रे. मला आठवत नाही. माझ्या डोळ्यांसमोर असलं तर ते आहे.”

यावरून मला वाटलं, बाईंचं घर म्हणजे नुसता पसारा असणार. एकदा काही कामाने शहाडला गेलेलो, तेव्हा घरी डोकावलो. दार लावलेलं, कडी घातलेली, खिडक्या लावलेल्या, डब्यांची झाकणं दाबून बसवलेली, रिमोटसुद्धा पिशवीत. चहाची साखर काढली आणि डबा लगेच बंद. मी म्हटलं, मॅडम, हे काय?

“इथं कोण खोळंबलंय माझ्यासाठी?” त्या म्हणाल्या आणि बिस्किटांची बरणी घट्ट लावून टाकली. माझं एकच बिस्किट खाऊन झालेलं.

यादीत अगदी तळाला एक फाइल होती, नाव ‘राजीनामा’. ती गुपित वगैरे नव्हती, अख्ख्या ऑफिसला माहीत होती, साहेबांना सगळ्यांत जास्त. फार पूर्वी साहेबांनी मॅडमची खिडकीजवळची जागा काढून नव्या झेरॉक्स मशीनला दिली. झेरॉक्सला हवा लागते म्हणे. मॅडमनी नवी फाइल उघडली, ‘महोदय’ एवढं लिहिलं, कंपनीच्या सामायिक डिस्कवर ठेवली आणि यादीत तळाला सोडून दिली. मग जेव्हा जेव्हा साहेब काही चुकीचं वागायचे, तेव्हा मॅडम तळाशी जाऊन एक वाक्य जोडायच्या. पत्र संपत नसे कारण साहेब सुधारत नसत.

आता त्या एडिटरची एक खोड आहे. फायलीत काही लिहिलं आणि जपून ठेवायचं राहिलं, की यादीतल्या नावापुढे लाल खूण येते. मॅडम वाक्य लिहायच्या आणि मुद्दाम ते तसंच ठेवायच्या, घटकाभर. साहेब जाता जाता मान वाकडी करून त्यांच्या स्क्रीनकडे बघायचे. तळाला लाल दिसलं की केबिनमध्ये जाऊन चहा मागवायचे, मॅडमसाठी, आल्याचा. चहा आला की मॅडम फाइल जपून ठेवायच्या आणि लाल खूण जायची. अमुक देशांमध्ये अण्वस्त्रं असतात आणि ती कधी वापरत नाहीत, म्हणून शांतता टिकते म्हणतात. आमच्याकडे राजीनामा होता.

आणि डायलिसिसच्या फायली. त्या मात्र कायम चुलीवर. त्यांना मॅडमनी कधी खाली सरकवलं नाही, सगळं सुरळीत चालू असतानाही नाही.

तो प्रोग्रॅम लिहिताना मॅडम कल्याणला त्या सेंटरमध्ये जाऊन बसायच्या, प्लॅस्टिकच्या स्टुलावर, मशीनांच्या ओळीत. मी कधीमधी सोबत असायचो. तिथे एक भोईरकाका यायचे, खडवलीहून. जुने शेतकरी, अंगापिंडानं एवढे मोठे की खुर्चीच त्यांच्यात बसल्यासारखी वाटायची. डायलिसिस म्हणजे एकदा नळ्या लावल्या की तासन्‌तास जागचं हलायचं नाही. काका कंटाळायचे आणि मॅडमना हाका मारायचे.

“बाय गो, त्या डब्यात माजं काय लिवलंस ते तरी सांग.”

“तुमचं कोरडं वजन लिहिलंय, काका.”

“मंजे?”

मॅडमनी त्यांना समजावलं, आणि ते मलाही तेव्हाच कळलं. या माणसांच्या अंगात पाणी साठतं. ते नसताना जेवढं भरायला हवं ते कोरडं वजन. आल्यावर काट्यावर उभं करायचं, त्यातून कोरडं वजन वजा करायचं, तेवढं पाणी आज काढायचं. कमी काढलं तर रात्री दम लागणार. जास्त काढलं तर माणूस खुर्चीतच गार पडणार. डॉक्टर ते वजन बदलत राहतात, म्हणून मागच्या महिन्याचं चालत नाही.

काकांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मंग माजं उघरं ठेव हां. झाकू नको.”

“नाही झाकत,” मॅडम म्हणाल्या.

हे त्या सहज बोलल्या, पण पाळलं. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, मॅडम, भोईरकाकांना काय कळतंय, फाइल वाढवली काय नि न वाढवली काय. तर म्हणाल्या, “माणूस घराबाहेर पडला की पाठोपाठ केर काढतात का तुमच्याकडे?”

“नाही. आई ओरडते.”

“मग.”

त्या आमच्या देवाबिवाच्या भानगडीत नसायच्या. खंडेनवमीला ऑफिसातल्या यंत्रांची पूजा असते तेव्हा हात जोडायच्या नाहीत. “आमच्या घरी वंदना असते, आरती नसते,” एवढंच एकदा म्हणाल्या होत्या. पण हार मात्र दरवर्षी त्याच ओवायच्या, कारण बाकीच्यांना धड गाठ मारता येत नाही. पूजेला सगळी मशीनं बंद करून पुसून ठेवायची पद्धत. मॅडमचं मशीन बंद व्हायचं नाही. साहेबांनी त्यावर तोडगा काढलेला: चालू मशीनलाच लांबून अक्षता. देव समजून घेतो, राजीनामा नाही.

असं सगळं चाललेलं असताना अनिकेत आला.

अनिकेत वाईट मुलगा नव्हता. घोडबंदर रोडला इतक्या उंच मजल्यावर राहायचा की खाली पाऊस पडतोय का ते मोबाईलवर बघायचा. साहेबांनी त्याला मॅनेजर केलं. तो स्वच्छ होता. त्याचं टेबल स्वच्छ, मेल स्वच्छ, डबासुद्धा खाऊन झाल्यावर घरून आणल्यापेक्षा स्वच्छ. मॅडमची यादी त्यानं पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्याला खरोखर घाम फुटला. मी शपथेवर सांगतो, रुमाल काढला त्यानं.

त्यानं नियम काढला: एडिटरमध्ये एका वेळी दहाच फायली उघड्या. सगळ्यांनी मान डोलावली. मॅडमनी तळाला जाऊन एक वाक्य लिहिलं. साहेबांनी चहा मागवला. पण या वेळी अनिकेत केबिनमध्ये जाऊन म्हणाला, “सर, तुम्ही असंच घाबरत राहणार का?” आणि साहेबांना ते लागलं. ठरलं की या खंडेनवमीला मॅडमचं मशीनही बंद होणार, इतरांसारखं.

त्या दिवशी सगळे त्या दिवसाच्या रंगात, नवरात्र ना. साहेबसुद्धा जांभळ्या सदऱ्यात, वांग्यासारखे. सकाळपासून पुसापुशी चालू होती. आणि अनिकेतच्या मनात आलं, टेबलं पुसतोय, पंखे पुसतोय, मग कंपनीची डिस्क का नको? तिथे तर वर्षांचा पसारा. डायलिसिसच्या फोल्डरमध्ये तर एकाच नावाच्या चार-चार फायली, पुढे ‘नवी’, ‘नवी खरी’, ‘हीच घ्यावी’. तो बसला आणि त्यानं केर काढला. आगाऊ दिसल्या त्या फायली उडवल्या. बाकीच्यांच्या जागी जुन्या बॅकअपमधली नीटनेटकी प्रत आणून ठेवली. कचरापेटी रिकामी केली. आणि दुपारी बॅकअप घ्यायची वेळ झाली तेव्हा हीच नीटनेटकी प्रत बॅकअपवरही चढली. म्हणजे घर झाडलं, अंगण झाडलं, आणि केराची गाडीही तेवढ्यात येऊन गेली.

शहाण्या कंपन्या चालता प्रोग्रॅम आणि लिहायचा प्रोग्रॅम वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात. आम्ही ठाण्याच्या त्या एकाच डिस्कवर ठेवायचो आणि कल्याणचं सेंटर तिथूनच चालायचं. वजनं डेटाबेसमध्ये सुखरूप होती, पण ती उघडून दाखवणारा प्रोग्रॅम फार जुना झाला होता, त्याला ती सापडेनात. आणि कागदाचे तक्ते ठेवायचं सेंटरनं बंद केलं होतं. ते आम्हीच बंद करायला लावलेलं. साहेब त्याला पेपरलेस म्हणायचे आणि त्याचे वेगळे पैसे लावायचे.

म्हणजे जगाच्या पाठीवर तो प्रोग्रॅम आता एकाच जागी जिवंत होता. डिस्कवर नाही, बॅकअपवर नाही. मॅडमच्या मशीनवर, त्या उघड्या यादीत. फाइल डिस्कवरून गेली तरी उघडून ठेवलेली प्रत एडिटरच्या पोटात तशीच असते, तोवर असते, जोवर तुम्ही ती बंद करत नाही.

आणि अनिकेत ती बंद करायला बसला होता. आता परत या. निरांजन अजून पेटलेलं आहे.

मॅडमनी हार माझ्या गळ्यात टाकला, कारण टाकायला जवळ दुसरं काही नव्हतं. अनिकेतला खांद्याला धरून खुर्चीतून उठवलं. फोनवरचं माझं बोलणं त्यांनी दारातून ऐकलंच होतं, उरलेलं मी सांगितलं. अनिकेतनं सकाळपासून काय काय पुसलं ते त्यांनी विचारून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली.

“ऐक,” त्या मला म्हणाल्या. “त्यानं फायली उडवल्या, बदलल्या, ते या एडिटरला आत्ता कळलंय. आता तो एकेका फायलीबद्दल मला विचारणार. दोन प्रकारे विचारणार. डिस्कवरची फाइल बदलली असेल तर म्हणेल, ‘नवी आणून दाखवू का?’ तिथे नाही म्हणायचं. हो म्हटलं तर हिच्यावर ती जुनी येऊन बसली.”

“बरं.”

“डिस्कवरून फाइल गेलीच असेल तर म्हणेल, ‘तुमच्याकडची ठेवू का?’ तिथे हो म्हणायचं. नाही म्हटलं तर संपली.”

“म्हणजे कधी नाही, कधी हो.”

“आणि कुठली कधी येईल ते माहीत नाही. चष्मा घरी राहिलाय. हार चाचपून ओवता येतो, हे बारीक अक्षर दिसत नाही मला. तू वाच. बदलली का गेली, एकच शब्द. त्याच्यापुढे एक अक्षर बोललास तर तुला खिडकीतून टाकीन.”

आयुष्यात पहिल्यांदा मॅडम मला बोल म्हणत होत्या, आणि शब्द एकच दिला.

“फोन चालू ठेव,” त्या म्हणाल्या आणि दोन्ही हातांची एकेक तर्जनी कीबोर्डवर ठेवली. एक हो वर, एक नाही वर.

“बदलली,” मी म्हटलं.

टक. बॉक्स गेला. ते मशीन म्हातारं होतं, दोन बॉक्सच्या मध्ये एक श्वास घ्यायचं. आम्हीही तेवढाच घ्यायचो.

“बदलली.” टक. “गेली.” टक. “बदलली. बदलली. गेली.” टक, टक, टक. साहेब निरांजन हलवायचं विसरले. अनिकेत भिंतीला टेकून उभा होता आणि माझ्याबरोबर ओठ हलवत होता. फोनमधून सिस्टर म्हणाल्या, “चारचे सगळे आले. भोईरकाका वजन करून बसलेत. सुई लावू का नको?” मी उत्तर दिलं नाही. मला एकाच शब्दाची परवानगी होती.

“मॅडम,” अनिकेत हळूच म्हणाला, “वजनांचा हिशेब करणारी फाइल झाली का?”

“नाही आली अजून. तीच हवीय. गप्प राहा.”

“बदलली,” मी म्हटलं. टक.

आणि मॅडमचं उजवं बोट वर आलं, पण बटण वर आलं नाही.

नाहीचं बटण आत गेलं ते आतच राहिलं. साहेबांनी सकाळी हळदकुंकू लावतानाच त्या कीबोर्डला मनोभावे अक्षता वाहिल्या होत्या. त्यातला एक तांदूळ, कुंकवात भिजून फुगलेला, बटणाच्या कडेला जाऊन पाचर बसल्यासारखा बसला होता. आणि दाबून राहिलेलं बटण म्हणजे मशीनला काय वाटतं, तर माणूस नाही, नाही, नाही म्हणत सुटलाय.

पुढचा बॉक्स आला. “गेली,” मी ओरडलो. त्याला हो हवं होतं. बॉक्स आला तसा नाही ऐकून निघून गेला. आमच्या डोळ्यांदेखत यादीतलं एक नाव पुसलं गेलं.

पुढचा बॉक्स येण्याआधी एक श्वास होता. त्या श्वासात मॅडमनी जे केलं ते मी आजही हळू करून बघतो. त्यांनी बटण काढायचा प्रयत्न केला नाही. माऊसकडे गेल्या नाहीत. कीबोर्डची वायर मुठीत धरली आणि मशीनमधून उपटली. तिला बांधलेली झेंडूची दोन फुलं उडून साहेबांच्या सदऱ्यावर बसली.

बॉक्स आला आणि उभा राहिला. कुणी उत्तर देणारंच नव्हतं.

“वाच,” मॅडम म्हणाल्या.

“गेली.”

“नाव वाच.”

मी वाचलं. ‘कोरडं वजन, हीच घ्यावी.’

मॅडमनी केसांतली पिन काढली, कीबोर्ड मांडीवर उलटा घेतला आणि बटणाच्या फटीत पिन घातली. पिन दोनदा घसरली. तिसऱ्या वेळी तांदूळ निघाला, लालभडक, साहेबांच्या पायाशी पडला. साहेबांनी तो उचलून कपाळाला लावला. सवय.

वायर परत खोचली. मॅडमनी आधी नाहीचं बटण बोटाच्या टोकानं हलवून बघितलं, वरच्यावर, दाबलं नाही. मग डावी तर्जनी उचलून होवर ठेवली. बराच वेळ नुसती ठेवली.

“गेली ना? नक्की?”

“गेली, मॅडम.”

टक. यादीत नाव राहिलं.

उरलेले बॉक्स आम्ही संपवले, पण ते मला आठवत नाहीत. मग मॅडमनी एकेक फाइल डिस्कवर परत लिहिली, वरून खाली, घाई न करता. शेवटची लिहून झाली तेव्हा मला म्हणाल्या, “विचार.”

मी सिस्टरांना विचारलं. पलीकडे बटणं वाजली. मग सिस्टर म्हणाल्या, “दिसलं.”

“परत विचार,” मॅडम म्हणाल्या.

“सिस्टर, नक्की दिसतंय? सगळ्यांचं?”

“दिसतंय हो. किती वेळा विचारता?”

तेव्हा मॅडम खुर्चीत मागे टेकल्या.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, सिस्टर, फोन जरा भोईरकाकांना द्या. आणि काकांना सगळी कथा सांगितली, तांदळाची, पिनेची, वायरीची, शक्य तिथे थोडी वाढवून. माझ्या कथेत तेव्हाच वायरीतून ठिणग्या उडाल्या होत्या. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरा झाला. त्या बायला सांग, हितला पंखा बंद हाय, तेवरा बघ.”

पूजा झाली. अनिकेतनं मॅडमचं मशीन चालूच ठेवलं आणि लांबून अक्षता टाकायला निघालेल्या साहेबांचा हात धरला. त्यानंतर दहा फायलींच्या नियमाचं नाव कुणी काढलं नाही, पण तो कुणी मागेही घेतला नाही. साहेबांच्या ते लक्षात राहिलं नाही. मॅडमच्या राहिलं. दिवाळीनंतर एका सकाळी त्या आल्या, यादीतल्या फायली एकेक करून अनिकेतला समजावून दिल्या, त्याच्याच हातानं त्याच्या मशीनवर उघडायला लावल्या, आणि डायलिसिसच्या फायली त्याच्या चुलीवर बसल्या हे बघून साहेबांच्या टेबलावर पत्र ठेवून शहाडला गेल्या. आता अनिकेतची यादी बघायला आम्ही नव्या माणसांना नेतो.

पण मॅडम म्हटलं की मला ती सकाळ आठवत नाही. ती खंडेनवमीची संध्याकाळ आठवते. मॅडम लिफ्टपाशी उभ्या होत्या, केस एका बाजूनं सुटलेले, कारण पिन वाकडी झालेली. हार शेवटी पूर्ण झालाच नाही, तो तसाच माझ्या गळ्यात. साहेब पेढ्यांचा खोका घेऊन मागोमाग आले. यादीतून ते एक नाव गेलं ते कुठलं, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. तळाला जागा रिकामी होती. साहेबांनी पेढा पुढे केला आणि आवाज शक्य तेवढा दुःखी करून म्हणाले, “मॅडम, ते तुमचं पत्र तेवढं गेलं म्हणतात. इतक्या वर्षांचं. आता काय करायचं?”

मॅडमनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला आणि लिफ्टचं बटण दाबलं.

“पाठ आहे,” त्या म्हणाल्या.